सोळाव्या वर्षाचं पान

३ नोव्हेंबर

दादा,

वर 'तीर्थस्वरूप' लिहायची रीत आहे. चौतीस वर्षांनी पहिलं पत्र लिहितेय, तर निदान मायना तरी रीतसर असावा म्हणून दोन कागद वाया घालवले. तिसऱ्यावर नुसतं दादा लिहिलं. बोललास काय आणि न बोललास काय, तेवढा तू आहेसच.

तुझा निरोप पोचला. लीगचा सेक्रेटरी काल औषधांचं दुकान नोकरावर टाकून माझ्याकडे आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "पेन्सिलताई, कॅप्टनसाहेबांचा फोन होता. सोळाव्या वर्षाचं पान अधिकृत निकालाप्रमाणे छापा म्हणाले, नाहीतर सत्काराला येणार नाहीत." एवढं बोलून त्याने माझं उत्तर ऐकायच्या आधीच बिस्किट उचललं. त्याला वाटलं, म्हातारी विरघळली.

उत्तर असं आहे: नाही.

लीगला पन्नास वर्षं झाली, तिचा इतिहास लिहायचा ठरला आणि तो माझ्या गळ्यात पडला, कारण पन्नास वर्षांच्या स्कोअरच्या वह्या माझ्या कपाटात आहेत. साड्या ट्रंकेत आणि वह्या कपाटात, अशी माझ्या घरची व्यवस्था आहे. पुस्तक पुढच्या महिन्यात छापखान्यात जाईल. पंधरा जानेवारीला मैदानावर कार्यक्रम आहे, त्यात तुझा सत्कार आहे आणि प्रदर्शनी सामन्याच्या पहिल्या षटकाला पंच म्हणून तुला उभं करणार आहेत. पांढरा कोटसुद्धा शिवायला टाकलाय. तू नाही आलास तर तो कोट सेक्रेटरी घालेल आणि पोटावर त्याची बटणं लागणार नाहीत, एवढंच होईल.

सगळ्या वह्यांमध्ये एकच पान पेन्सिलीत आहे. ते का, हे तुला सांगायला नको, पण पुस्तक वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून मी पहिल्याच प्रकरणात लिहिलंय. आपल्या लीगमध्ये दोन्ही क्लबांचे स्कोअरर एकाच टेबलावर बसतात आणि पेन्सिलीने लिहितात. सामना संपला की दोन वह्या ताडून बघायच्या, जुळल्या की एकमेकांच्या वहीवर शाईने गिरवायचं आणि सही करायची. शाई चढली की सामना संपला. सोळाव्या वर्षाच्या अंतिम सामन्यावर शाई चढलेली नाही. म्हणजे माझ्या लेखी तो सामना अजून चालूच आहे, आणि मी टेबलावरून उठलेली नाही.

मुखपृष्ठासाठी मंडळाने कुठला फोटो निवडलाय ते कळलं का तुला? कप जिंकल्यावर त्याच संध्याकाळी तू स्वतः रोलर ओढतानाचा. 'विजयातही जमिनीवर पाय' असं खाली छापणार आहेत. त्या रोलरबद्दल मी अजून काही लिहिलेलं नाही.

वहिनी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार, कारण हा पाकीट फोडायचा नाही. पाठीत उसण भरली असेल तर शेक द्या, आणि पुढच्या पत्राच्या वेळी त्याला आधी खायला घाला.

तुझी,
पेन्सिल


११ नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही. ठीक. मला टेबलावर बसून वाट बघायची सवय आहे.

पहिली तीन प्रकरणं लिहून झाली. पहिल्या वर्षी चारच क्लब होते: तुमचा पंप कारखाना, छापखाना, शिक्षक आणि बेकरी. अख्ख्या हंगामाला चार चेंडू. शिवण उसवली की तू तो चेंडू घेऊन चपला शिवणाऱ्याकडे पळायचास आणि दोन्ही संघ तोवर गवतात लोळत पडायचे. बेकरीवाले पहाटेपासून भट्टीवर असायचे, त्यामुळे त्यांचा डीप फाइन लेग दर सामन्यात उभ्याउभ्या झोपायचा. शिक्षकांचा संघ एकदाही वेळेत हरला नाही, कारण नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचून ते अंधार पाडायचे. आणि लाँगऑनची गटार. चेंडू गटारीत गेला तर दोन धावा, सापडला तर. नाही सापडला तर जो मारेल त्याने आत उतरायचं. हा आपल्या लीगचा चौथा नियम, आणि तो एकोणीस वर्षांच्या तुझ्या अक्षरात आहे. मंडळाला तो काढायचा होता, बरं दिसत नाही म्हणून. मी ठेवलाय.

चौथ्या वर्षी तू मला टेबलावर बसवलंस. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. तू वयाच्या सोळाव्या वर्षी कारखान्यात लागलास, आणि पाळीवर जायच्या आधी माझ्या वेण्या घालून द्यायचास. एक नेहमी वर, एक खाली. वर्गात पोरी हसायच्या आणि मी तशीच बसायची, सोडून पुन्हा घालत नव्हते. हे मी पुस्तकात घातलेलं नाही, घाबरू नकोस.

तू म्हणालास, "मुलींचा संघ नाही, तर बॅट कुठून देऊ तुला? ही पेन्सिल घे." त्या दिवसापासून मी पेन्सिल झाले, आधी तुझ्यासाठी, मग सगळ्या मैदानासाठी. कार्यालयात मी तीस वर्षं पाण्याचे मीटर तपासले, तिथेही हेच नाव. मला बॅट हवी होती, दादा. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तूच शिकवलंस की पंचाने खूण केली की स्कोअररने हात वर करायचा. चौकार असो, बाय असो, काही असो. टेबलावरचा हात वर गेल्याशिवाय पुढचा चेंडू पडत नाही. "कळलं? तू हात वर केला नाहीस तर बावीस लोक वाट बघत उभे राहतील," असं म्हणालास. पंधरा वर्षांच्या मुलीला असं काही सांगू नये. तिच्या डोक्यात कायमची हवा जाते.

आता लीगचं सोळावं वर्ष. पुस्तकात आहे तसंच उतरवते.

छापखाना १६३. गतविजेते तेच, आणि बरोबरी झाली तर कप गतविजेत्याकडे राहणार, हा नियम. पंप कारखाना नऊ बाद १६२, शेवटचा चेंडू. स्ट्राइकवर कप्तान, म्हणजे तू, ७१. दुसऱ्या टोकाला शेवटचा गडी, कारखान्यातला चोवीस वर्षांचा वेल्डर, हंगामातला त्याचा तिसरा सामना. जिंकायला दोन हव्यात. तू कव्हर्समधून मारलास, दोघं पळालात, पहिली धाव झाली, वळलात, दुसरीही झाली आणि लोक मैदानात घुसले.

गोलंदाजाच्या टोकाला पंच होते ते शाळेतले ड्रॉइंग मास्तर. गर्दीत त्यांचा पांढरा कोट मला दिसत होता. त्यांनी टेबलाकडे तोंड केलं, हात कोपरात वाकवला आणि बोटं खांद्याला लावली. एक धाव अपुरी. वळताना बॅट रेषेपलीकडे टेकलेली नाही. मी हात वर केला.

माझ्या शेजारी छापखान्याचा स्कोअरर होता, चष्मेवाला. त्याने खूण पाहिली नाही. शेवटच्या चेंडूला त्याच्या पेन्सिलीचं टोक मोडलं आणि तो मान खाली घालून ब्लेडने पेन्सिल तासत बसला होता. आरडाओरडा ऐकून त्याने दोन धावा लिहिल्या. स्वतःच्या क्लबाचा पराभव लिहिला बिचाऱ्याने. आणि मी एक लिहिली, १६३, बरोबरी, म्हणजे माझ्या भावाचा कप गेला. दोघांनीही आपापल्या क्लबाच्या विरुद्ध लिहिलं. असं आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

संध्याकाळी तंबूत मंडळ बसलं. ड्रॉइंग मास्तर म्हणाले, "गर्दीत काय खूण केली ते आता आठवत नाही, वह्या बघा." मंडळाने वह्या बघितल्या. चष्मेवाला स्वतःच्या क्लबाविरुद्ध कशाला खोटं लिहील, म्हणून त्याची वही खरी. मग मी कुणाविरुद्ध लिहिलं होतं? यावर अध्यक्ष म्हणाले की बहीणभावाचं घरी काही बिनसलं असेल.

मी शाई चढवली नाही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस. नवी फटफटी घेतलीस आणि तिच्या टाकीवर ७३ रंगवून घेतलास, तो आकडा माझ्या गल्लीतून मुद्दाम न्यायचास. पुढच्या वर्षी बदली मागून घेतलीस.

पुस्तकात इथपर्यंतच आहे.

पेन्सिल


२४ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'तुला लिहायचं ते लिही. मला बहीण नाही.' दोन वाक्यं, चौतीस वर्षांच्या मानाने बरीच म्हणायची. अक्षर मात्र तेच आहे, गटारीच्या नियमातलं.

रागाने मी ते कार्ड भिंतीवर लावलं. कॅलेंडरशेजारी, दूधवाल्यालाही दिसेल असं. मग विचार केला, बहीण नाही तर कार्ड कुणाला टाकलंस? पत्ता तर तुला तोंडपाठ दिसतोय, मजल्यासकट.

आज तुझ्याशी भांडणार होते, पण वेगळंच घडलं. काल वेल्डरची मुलगी आली होती.

तू गेल्यावर काय काय झालं ते तुला ठाऊक नसेल. लीगमध्ये आता बारा क्लब आहेत आणि आठ वर्षांपासून महिलांचा गट आहे. वेल्डरची मुलगी पंप कारखान्याच्या महिला संघाची कप्तान. एक्स-रे काढते दवाखान्यात, उंच आहे, चेंडू आत आणते. आल्या आल्या पंख्याखाली बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पेन्सिलताई, त्या पानाबद्दल तुम्ही लिहिताय असं ऐकलं. एक विचारू का? ती धाव कुणाची अपुरी होती?"

मी म्हटलं, "वहीत तसा रकाना नसतो. फक्त धावा लिहितात."

"मला रकाना नका सांगू," ती म्हणाली. "बाबांना अजून अपुऱ्या म्हणतात. आठवीत माझ्या बाकावर मुलांनी 'अपुऱ्याची पोरगी' असं कोरलं होतं. बाबा पुन्हा मैदानावर कधी गेले नाहीत, माझा एक सामना बघायला आले नाहीत. मी त्यांना परवा स्पष्ट विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, असेल गं. घाईत टेकवायची राहिली असेल माझी."

दादा, हे उत्तर नीट ऐक. पहिली दहा वर्षं तो माणूस भांडत होता. कारखान्याच्या फाटकावर, न्हाव्याच्या दुकानात, जो अपुऱ्या म्हणेल त्याच्या अंगावर जायचा. मग गप्प झाला. मला वाटत होतं, विसरला. तो विसरला नव्हता, त्याला ते पटलं होतं. न केलेली चूक त्याला आता आठवायला लागली आहे.

त्या रात्री तंबूत तू काय म्हणालास ते मी पुस्तकात घातलं नव्हतं. तू म्हणालास, "माझी बॅट टेकली होती. अपुरी असलीच तर शेवटच्या गड्याची असेल, त्याला विचारा." आणि तो पोरगा चार वडीलधाऱ्यांसमोर उभा राहून चाचरत म्हणाला, "लक्षात नाही." मंडळाने निकाल तुझ्याकडून दिला, पण नाव त्याच्या कपाळी चिकटलं. आणि मी, जिने शाई चढवली नाही म्हणून अर्धं गाव शूर समजतं, मी तिथेच उभी होते.

मुलगी जाताना म्हणाली, "तुम्हाला माहीत असेल तर सांगा. नसेल तर सोडा." मी म्हटलं, "पुस्तकात वाच."

आता मला लिहावंच लागणार. तुझी परवानगी मागत नाहीये, फक्त कळवतेय.

पेन्सिल


२ डिसेंबर

दादा,

हा नवा मजकूर आहे. छापखान्यात द्यायच्या आधी तुझ्याकडे पाठवतेय, म्हणजे मागून ऐकलं असं म्हणायला नको. वहिनी, इथून पुढचं त्याला स्वतःला वाचू द्या. तुम्ही शेजारी बसा, पण वाचू नका.

'लोक कप्तानाला खांद्यावर घेऊन मैदानात फिरत होते तेव्हा पंप कारखान्याची स्कोअरर टेबलावरून उठून खेळपट्टीवर गेली. गोलंदाजाच्या टोकाला चुन्याच्या रेषेपलीकडे गेलेले बॅटचे पुष्कळ ओरखडे होते. एक ताजा ओरखडा रेषेच्या चार बोटं अलीकडेच थांबला होता. त्या टोकाला वळला होता तो मारणारा फलंदाज, म्हणजे कप्तान. शेवटचा गडी दुसऱ्या टोकाला वळला होता. स्कोअररने कप्तानाला बाजूला घेऊन सांगितलं की एक धाव अपुरी आहे आणि खूण जमिनीवर आहे. कप्तान थांब म्हणाला. मग शेडमधून रोलर काढला आणि शेवटच्या गड्याला हाक मारली, "चल रे, ओढू लाग." हंगामातला शेवटचा सामना संपल्यावर खेळपट्टीवर कुणी रोलर फिरवत नाही. त्या दिवशी फिरवला गेला. शेवटच्या गड्याने कप्तानाचा मान राखून आनंदाने रोलर ओढला, आणि स्वतःच्या निर्दोषपणाची एकमेव खूण स्वतःच्या हातांनी पुसली. हे स्कोअररने पाहिलं आणि कुणालाही सांगितलं नाही. या पुस्तकाची लेखिका तीच आहे.'

एवढाच मजकूर आहे. तुझ्या नावाला एकही विशेषण लावलेलं नाही, तपासून बघ.

मी का बोलले नाही, ते पुस्तकात नाही, तुला सांगते. तू उभा केलेला क्लब होता. खरं कळलं असतं तर त्याच संध्याकाळी तुला काढून टाकलं असतं आणि तू मोडून पडला असतास, हे मला दिसत होतं. वेण्या घालणारा हात रोलरच्या दांड्यावर होता. मला वाटलं, मी शाई चढवली नाही की झालं, सुंठीवाचून खोकला गेला. मी खोटं लिहिलं नाही, एवढ्यावर मी चौतीस वर्षं ताठ मानेने फिरले. गप्प बसणं वहीत दिसत नाही, म्हणून मी त्याचा हिशेब धरलाच नाही. तू एकदा खोटं बोललास आणि पळून गेलास. मी इथेच राहिले, वेल्डरच्या घरावरून रोज कामावर गेले, त्याच्याशी हसून बोलले. तुझ्यापेक्षा माझं जास्त वाईट.

तेव्हा माझंही नाव त्यात आहे. तुला एकट्याला उभं केलेलं नाही.

आणि तो फोटो. मूळ फोटोत रोलरला दोघं आहेत. मुखपृष्ठावर कापून तुला एकट्यालाच ठेवलंय त्यांनी. उजव्या कडेला वेल्डरचा कोपर राहिलाय तेवढा. मी मंडळाला सांगितलंय, फोटो पुरता छापा, नाहीतर मुखपृष्ठ कोरं ठेवा.

वीस तारखेपर्यंत तुला काय म्हणायचं ते म्हण. बहीण नसली तरी लेखिका आहे, लेखिकेला लिही.

पेन्सिल


१९ डिसेंबर

दादा,

तू लेखिकेला लिहिलं नाहीस, सेक्रेटरीला फोन केलास. चांगलं.

काल मंडळाची बैठक झाली. सात माणसं, एक पंखा, आणि सेक्रेटरीच्या हातात माझा मजकूर, जणू त्याला कुणी मेलेला उंदीर धरायला दिला होता. म्हणाला, "ताई, कॅप्टनसाहेबांची हरकत नसल्याचं पत्र आणा, आपण छापू. ते फोनवर काही बोलतच नाहीत. नुसतं, 'तिने रोलरचं लिहिलं का?' एवढं विचारलं आणि ठेवून दिला."

मी म्हटलं, "मी पत्र आणणार नाही. त्याने विचारलं, म्हणजे त्याला आठवतं. एवढं पुरे."

एक जण म्हणाला, कशाला जुनी मढी उकरायची. मी म्हटलं, वेल्डर जिवंत आहे, रोज संध्याकाळी दळण आणायला जातो. दुसरा म्हणाला, लीगची बदनामी होईल. मी म्हटलं, गटारीच्या नियमानेही होणार होती, झाली का? तिसऱ्याने विचारलं की माझ्या म्हणण्याला पुरावा काय. तेव्हा कोपऱ्यात बसलेला चष्मेवाला उठला. आता सत्तरीचा आहे, चष्मा तेव्हाच्या दुप्पट जाड झालाय. तो म्हणाला, "पुरावा माझ्याकडे आहे. मी खूण पाहिली नव्हती. ऐकून लिहिलं. तेव्हा सांगायची लाज वाटली, कारण शेवटच्या चेंडूला पेन्सिल तासणारा स्कोअरर कुणी ठेवत नाही." त्याला तासताना मी पाहिलं होतं, पण चौतीस वर्षं माझ्या शेजारी बसून हे त्याने स्वतः मला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या टेबलावर बरीच माणसं गप्प बसलेली होती म्हणायची.

तरीही मंडळ हललं नाही. निकाल काय लागला ऐक. सोळाव्या वर्षाच्या पानावर वर अधिकृत निकालाची एक ओळ, आणि खाली पान कोरं. मुखपृष्ठावर फोटो नाही, नुसतं नाव. सेक्रेटरीला वाटतंय, त्याने दोन्ही दगडांवर पाय ठेवून नदी पार केली.

पुस्तकं बांधून झाली की सगळ्या प्रती मी घरी पाठवायला सांगितल्यात, शुद्धलेखन तपासायचं आहे म्हणून. तीनशे प्रती आहेत. त्या कोऱ्या जागेत मी तो मजकूर हाताने लिहिणार आहे, प्रत्येक प्रतीत, पेन्सिलीने. रोज पंधरा झाल्या तर वेळेत होतील. अंगठा सुजला तर डाव्या हाताने लिहीन. पुसायचं असेल त्याने तीनशे घरं फिरून खोडरबर घेऊन पुसावं.

पहिली प्रत तुला पाठवीन. तुझ्याकडे खोडरबर असेलच.

पेन्सिल


१६ जानेवारी

दादा,

तू काल आलास.

नळाजवळ उभा होतास, वहिनींच्या मागे अर्धा लपून. केस सगळे गेले तुझे. मी ओळखलं ते उभं राहण्यावरून, एक खांदा खाली टाकून. मी उठले नाही. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. सेक्रेटरी पळत गेला आणि तुला तो कोट चढवला. लांबी बरोबर होती, खांद्यात मात्र सैल झाला.

प्रती आदल्या दिवशीच वाटून झाल्या होत्या. तीनशेपैकी दोनशे ब्याण्णव भरल्या मी, उरलेल्या आठ चष्मेवाल्याने. त्याचं अक्षर तिरकं आहे. तर तुला मैदानात जाताना जे शांत वाटलं ना, ते आदराने नव्हतं. सगळ्यांनी वाचलं होतं. तुलाही ते माहीत होतं, आणि तरी तू उन्हात पंचावन्न पावलं चालत गेलास. मी मोजली.

वेल्डरला त्याच्या मुलीने ओढत आणलं होतं. मागच्या रांगेत बसला होता, मांडीवर पुस्तक बंद करून. त्याने वाचलं की नाही ते मला कळलं नव्हतं.

तू गोलंदाजाच्या टोकाला उभा राहिलास. गोलंदाज धावायला मागे गेला, फलंदाजाने गार्ड घेतला. आणि तू हात आडवा करून सगळ्यांना थांबवलंस. मग टेबलाकडे वळलास, उजवा हात कोपरात वाकवलास आणि बोटं खांद्याला लावलीस.

लोकांत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, चेंडू पडला नाही आणि म्हातारबुवांनी धाव कापली. सेक्रेटरी माइकवर काहीतरी सावरायला गेला. तू हात खाली घेतला नाहीस. एकदा पंचाने खूण केली की टेबलावरून हात येईपर्यंत धरून ठेवायची, हे तूच शिकवलं होतंस मला. मी लगेच वर केला नाही, दादा. खोटं कशाला सांगू. चौतीस वर्षांचं मनात होतं, म्हटलं राहू दे उभा थोडा वेळ. बावीस लोक वाट बघत होते.

हशा हळूहळू थांबला, कारण जुनी माणसं हसत नव्हती. चष्मेवाल्याने पेन्सिल खाली ठेवली, टोक शाबूत होतं, आणि हात वर केला. मग मी केला.

तेव्हा मी मागे बघितलं. वेल्डर उभा राहिला होता. त्याची मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो तिला म्हणाला, अगदी साधं, भाजी काय आणायची असं विचारावं तसं, "तो त्या टोकाला होता. मी इकडे होतो." मग खाली बसला आणि पुस्तक उघडलं.

तू सहा चेंडू उभा राहिलास, कोट काढून घडी घातलीस, सत्काराची खुर्ची रिकामी ठेवून वेल्डरच्या रांगेत गेलास. तिथे काय बोललात ते टेबलावरून ऐकू आलं नाही. त्याने तुला बसायला सांगितलं नाही, एवढं दिसलं. तू उभाच राहिलास, बराच वेळ. शेवटी त्याने शेजारच्या खुर्चीवरचं मुलीचं पुस्तक उचलून जागा केली. मग तू वहिनींना घेऊन गाडीला गेलास, माझ्याशी एक शब्द न बोलता. हरकत नाही. पंच स्कोअररशी बोलत नसतो, खूण करतो.

तू माफी मागितलीस असं मी कुठे लिहिणार नाही, कारण मागितली नाहीस. मीही मागितलेली नाही. वेल्डरची मागितली, आज सकाळी, त्याच्या ओसरीवर उभी राहून. तो म्हणाला, बघू. मुलीने चहा दिला, तो मी घेतला.

भिंतीवरचं तुझं कार्ड काढलेलं नाही. राहू दे. दुसरं आलं तर शेजारी लावीन.

सामना संपल्यावर काल मी जुनी वही बाहेर काढली. चष्मेवाल्याने शाईची बाटली आणली होती, खिशात डाग पडला होता त्याच्या. त्याने माझ्या पानावर गिरवलं, मी त्याच्या. त्याच्या दोनचा त्यानेच एक केला आणि कडेला सही केली. वाळेपर्यंत आम्ही दोघं पानांवर फुंकर घालत बसलो. आता पन्नास वर्षांत एकही पान पेन्सिलीत नाही.

पंप कारखाना १६३, सामना बरोबरीत. तुझ्या टाकीवरचा आकडा बदलून घे. तुझ्या नावापुढे ७२ आहेत, दादा. नाबाद.

तुझी,
पेन्सिल